करंगळीत करंगळी

भिवंडीत संध्याकाळी पाळी बदलते, तेव्हा कारखान्यांच्या गल्ल्यांतून माणसं कापसाची रुई अंगावर घेऊन बाहेर पडतात. केसांत, भुवयांवर, कानांच्या मागे पांढरी रुई. चहाच्या टपरीकडे चाललेल्या दोघांपैकी एकाची करंगळी दुसऱ्याच्या करंगळीत अडकलेली असते. ओट्यावर कुणी कुणाच्या मांडीवर डोकं टेकून ताणून दिलेली असते. कुणी वळूनही बघत नाही. त्याच गल्लीतून एखादं नवरा-बायकोचं जोडपं हातात हात घालून चाललं, तर मात्र टपरीवरचे सगळे चेहरे एकदम वर होतात.

करंगळी अडकवलेले ते दोघं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर असे चालू लागले, तर बघणारा क्षणात ठरवून मोकळा होईल की हे जोडीदार आहेत. भिवंडीतला बघणारा म्हणेल, एका गावचे असतील. बोटं तीच, पकड तीच. मग समुद्र ओलांडला की त्या करंगळीचा अर्थ बदलतो कसा? माणसाच्या लैंगिक ओळखीत शरीर किती आणि समाज किती, यावर पुस्तकं ढिगाने आहेत. पण हा प्रश्न चक्रावून टाकतो तो या गल्लीत.

गल्लीही साधी नाही. २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर शहराची वस्ती सात लाखांवर भरली आणि त्यात हजार पुरुषांमागे बायका होत्या जेमतेम सातशे. कारण यंत्रमाग. मऊ-आझमगढचे मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, बिहारचे मजूर पिढ्यान् पिढ्या इथे येतात ते बहुतेक एकटे. बायको मुलखात, नवरा सांच्यावर, म्हणजे मागावर. एका खोलीत आठ-दहा जण. रात्रपाळीचा उठून गेला की दिवसपाळीचा त्याच कोमट अंथरुणावर आडवा होतो. जेवण बिशीत, म्हणजे मजुरांच्या खानावळीत, आंघोळ गल्लीतल्या नळावर. स्पर्शाला इथे जागाच इतकी कमी की तो टाळता येत नाही, आणि घर इतकं लांब की तो टाळावासाही वाटत नाही. त्यातला कुठला स्पर्श मैत्रीचा, कुठला ऊब शोधणारा आणि कुठला त्याच्या पलीकडचा, हे करणाऱ्यालाही दर वेळी ठरवावं लागत नाही. ठरवा म्हणून मागे लागणारं कुणी नसतं.

आधी शरीराचं बघू. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळजवळ पावणेपाच लाख लोकांची जनुकं तपासली होती. समलिंगी ओढीचं एकच एक जनुक सापडलं नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा दिसला, पण सगळा हिशोब मांडूनही अमुक माणूस कुणाकडे ओढला जाईल हे सांगता येण्याजोगं काही हाती आलं नाही. म्हणजे शरीर गप्प आहे का? तसंही नाही. १९९६ मध्ये रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट या संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली: एकाच आईच्या पोटी जितके थोरले भाऊ, तितकी धाकट्याला पुरुषांची ओढ असण्याची शक्यता वाढते. दर भावामागे सुमारे एक तृतीयांशाने. मुळात ही शक्यताच दोन-तीन टक्क्यांची, त्यामुळे चार-पाच भावांनंतरही बहुतेक धाकटे बायकांकडेच ओढले जातात. पण कल वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला. मुलग्याच्या गर्भाला आईच्या शरीराची प्रतिकारशक्ती दर खेपेला थोडी वेगळी सामोरी जात असावी, असा एक तर्क आहे.

खरी गंमत पुढे आहे. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर ‘फाआफाफिने’ नावाची माणसं असतात. जन्माने मुलगे, वागणं, काम, बोलणं बायकी, ओढ पुरुषांची. घरात त्यांना जागा असते, म्हाताऱ्यांची आणि भाचरांची उस्तवार ती आवडीने करतात. त्यांना ‘तू गे आहेस का’ विचारलं तर ती नाही म्हणतात. आपण पुरुष नाही, बाई नाही, फाआफाफिने आहोत. कॅनडाचे पॉल व्हेसी आणि त्यांचे सहकारी तिथे वर्षानुवर्षं जात राहिले आणि त्यांना काय आढळावं? फाआफाफिनेंनाही थोरले भाऊ जास्त. कॅनडातल्या गे पुरुषांमध्ये जो कल दिसला तोच. आईच्या पोटातली घडण तीच असावी, पण बाहेर आल्यावर टोरांटोत त्यातून दाढी राखणारा, पुरुष म्हणूनच जगणारा गे माणूस उभा राहतो आणि सामोआत केसांत फूल माळणारी फाआफाफिने.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो. ओढ माणूस बहुधा घेऊनच येतो. पण ‘म्हणजे मी कोण?’ याचं उत्तर तो आपल्या मनातून काढत नाही. गावाने आधीच तयार ठेवलेल्या उत्तरांतून एक उचलतो. आणि गावोगाव ती उत्तरं वेगळी असतात.

भिवंडीत तर गावंच अनेक एकावर एक रचलेली. समजा, आझमगढकडचा एक नाजूक मुलगा इथे आला. त्याच्या मुलखात लग्नाच्या वरातीत साडी नेसून नाचणारा ‘लौंडा’ असतो. भोजपुरी रंगभूमीचे भिखारी ठाकूर यांनी त्या नाचाला नाटकाची उंची दिली आणि त्यांच्या मंडळीतले रामचंद्र मांझी यांना २०२१ मध्ये त्याच नाचासाठी पद्मश्री मिळाली. नाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण घरी बायको-मुलं असलेले. तिथे बाईचं रूप हे काम आहे. लग्नसराईत चढतं, संपली की उतरतं. दुसरा मुलगा तेलंगणातल्या पद्मशाल्याचा, कामतघर-पद्मानगरच्या बाजूला राहणारा. त्याच्या मुलखात यल्लम्मा देवी आहे आणि तिला वाहिलेले, साडी नेसणारे भक्त आहेत. तिसरा सांगली-सोलापूरकडचा, सौंदत्तीच्या वाटेवरचा. त्याच्या केसांत जट आली की आई घाबरते आणि थोड्या वेळाने हातही जोडते: देवीने बोलावलं. मग लुगडं, बांगड्या, डोक्यावर जग, हातात चौंडकं. तो जोगता होतो.

एकच हळवेपण घेऊन आलेल्या तिघांना समाजाने एकाला कला दिली, एकाला भक्ती, एकाला कौल. ‘तुझी लैंगिकता कोणती’ हे तिघांपैकी कुणालाच कुणी विचारलं नाही. हे फार छान होतं असं मी म्हणणार नाही. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या वाचल्या, किंवा त्यांवरून निघालेला ‘जोगवा’ हा चित्रपट पाहिला, की देवीच्या नावाने माणूस कसा बांधला जातो ते कळतं. ज्याला लुगडं नकोच होतं त्यालाही ते नेसावं लागतं. तयार उत्तरात ऊब असते, आणि त्याला कडीही असते.

उत्तराची किंमत जातीवर आणि तिकिटावरही ठरते. बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर आले की पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका त्यांची नेसण, त्यांचा गजरा उचलत. पुरुषाकडून बाईपण शिकण्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. तमाशातल्या नाच्याने तेच केलं की शिट्ट्या. आणि गणपत पाटलांसारख्या नटाने मराठी पडद्यावर नाच्या इतका हुबेहूब उभा केला की संसारी माणूस असूनही पडद्यावरची ती ओळख त्यांच्या घरापर्यंत चालत आली. समाज ओळख देतो ती अशी, कधी कधी न मागता.

आता परत त्या गल्लीत. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात पुरुषांमध्ये रमणाऱ्या पुरुषांची आपली एक भाषा आहे. जो चालण्याबोलण्यात बायकी, जो स्वतःला बाईच्या जागी बघतो, तो कोथी. त्याचा जोडीदार तो पंथी. पंथी स्वतःला काही म्हणवतच नाही. तो मर्द असतो. गावी बायको, दोन मुलं, महिन्याला पैसे पाठवणारा. कोथीबरोबर गेल्याने त्याच्या मर्दपणाला ओरखडा येत नाही, कारण तिथे प्रश्न ‘तू कुणाबरोबर’ हा नसून ‘तू कुठल्या भूमिकेत’ हा असतो. इंग्रजी वळणाने विचार करणाऱ्याला हे ढोंग वाटतं. त्याच्या मते दोघंही गे; एक कबूल करतो, दुसरा लपवतो.

पण हे फक्त आपल्याकडचं खूळ नव्हे. जॉर्ज चॉन्सी या इतिहासकाराने १९९४ मध्ये ‘गे न्यूयॉर्क’ हे पुस्तक लिहिलं. १८९० ते १९४० च्या न्यूयॉर्कमध्ये, गोदीत आणि इटालियन मजुरांच्या वस्त्यांत, त्याला नेमकी हीच रचना सापडली. बायकी वागणाऱ्यांना ‘फेअरी’ म्हणत. त्यांच्याबरोबर जाणारा खलाशी किंवा हमाल मात्र नुसता पुरुष. त्याला वेगळं नाव नव्हतं, लाज नव्हती. शहरात एकटे, कमावते, बायको दूर ठेवलेले पुरुष हजारोंनी. भिवंडीच ती, फक्त समुद्राकाठची. पुढे मध्यमवर्गाची विचारसरणी खाली झिरपली, डॉक्टरांची पुस्तकं आली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेषा नव्याने आखली गेली: पुरुषाबरोबर जो जाईल तो वेगळ्या जातीचा माणूस, भूमिका कुठलीही असो. ‘होमोसेक्शुअल’ आणि ‘हेटेरोसेक्शुअल’ हे दोन्ही शब्दच मुळी १८६८ च्या एका खाजगी पत्रात जन्मलेले. लिहिणारा कार्ल-मारिया केर्टबेनी, शास्त्रज्ञही नव्हे, लेखक. त्याच्या आधी करोडो माणसं दोन्ही तऱ्हांनी प्रेम करून मेली आणि आपण यांपैकी कोण, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

हिजडा समाजात ओळखीचा प्रश्न आणखी तिसऱ्याच दिशेने जातो. तिथे पहिला सवाल असतो, तू कुणाची चेली? गुरू कोण, घराणं कोणतं: भेंडीबाजार, पूनावाला, लष्करवाला. गुरूची गुरू ती नानी. ओळख म्हणजे नातं. माघी पौर्णिमेला कल्याणच्या पलीकडे मलंगगडावर हाजी मलंगच्या उरुसाला देशभरातून हिजडे येतात. दर्गा मुस्लिम संताचा, वहिवाट परंपरेने केतकर या ब्राह्मण घराण्याकडे, आणि चढणाऱ्यांत बहुचरा माता या हिंदू देवीचं नाव घेणाऱ्याही असतात. भिवंडीतून ती वाट फार लांब नाही. धर्म, जात, लिंग यांच्या चौकटी ज्या गावात १९८४ च्या दंगलीत माणसाच्या जिवावर उठल्या, त्याच्या शेजारच्या डोंगरावर त्या अशा एकमेकींत मिसळून जातात, हे मला कायम अचंब्याचं वाटत आलंय.

आणि राज्यसंस्था? तिनेही माणसं घडवली. मराठी राज्यात दख्खनच्या हिजड्यांना गावोगाव भिक्षा मागण्याचा हक्क सनदेने मिळालेला असे. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने मुंबई सरकारच्या दफ्तरांतून ती हकिकत १९८७ मध्ये बाहेर काढली. पाटील-कुलकर्ण्यांसारखे तेही हक्कदार! इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो हक्क मोडीत काढला. उत्तरेतल्या वायव्य प्रांतात तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हिजड्यांच्या नोंदवह्या केल्या. वहीत नाव असलेल्याने बायकी कपडे घालून चारचौघांत नाचलं-गायलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. मऊ-आझमगढ त्याच प्रांतात. फरक बघण्यासारखा आहे: १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ कृतीला शिक्षा देत होतं, १८७१ चा कायदा असण्याला. इकडे हक्कदार, तिकडे नोंदलेला गुन्हेगार. अंतर काय ते शंभरेक वर्षांचं आणि हजारभर मैलांचं.

सर्वांत अलीकडचं घडवणं फॉर्मवर झालं. एड्सची साथ आल्यावर १९९० नंतर सरकारी आणि परदेशी पैसा स्वयंसेवी संस्थांतून वस्त्यावस्त्यांत पोहोचला. पैशाला हिशोब लागतो, हिशोबाला रकाने. कोथी, पंथी, दोन्ही भूमिका घेणारे ‘डबल डेकर’, आणि सगळ्यांच्या डोक्यावर ‘एमएसएम’, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. लॉरेन्स कोहेन या मानववंशशास्त्रज्ञाने २००५ मध्ये दाखवून दिलं, की स्थानिक तोंडी चालणारा ‘कोथी’ हा शब्द देशभर पसरला आणि घट्ट झाला तो बराचसा या प्रकल्पांमुळे. कंडोम वाटणारा कार्यकर्ता विचारतो, तुम्ही यातले कोण? विशीतला मजूर क्षणभर गोंधळतो, मग एका रकान्यावर बोट ठेवतो. पुढच्या भेटीत तो त्या रकान्यातल्यासारखा थोडा जास्त बोलतो, थोडा जास्त चालतो. तत्त्वज्ञ इयन हॅकिंग याला माणसं ‘घडवणं’ म्हणतो: वर्ग आखला की त्यात बसणारी माणसं तयार होतात, आणि बसता बसता ती वर्गालाही वाकवतात. मानकोली, पूर्णा, काल्हेरच्या गोदामांत रात्री पार्सलं लावणाऱ्या पोरांच्या हातात आता मोबाइल आहे आणि त्यातली ॲपं आणखी नवे रकाने पुढे करतात. नाव मिळाल्याने एकटेपण हलकं होतं, हे खरंच. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ ची धार काढली, त्याच्या चार वर्षं आधी ‘नाल्सा’ निकालात आपलं लिंग आपण सांगण्याचा अधिकार मान्य केला, ते नाव घेऊन उभी राहिलेली माणसं होती म्हणूनच. पण त्याच मोबाइलवर ज्याने ‘गे’ हा शब्द चेष्टेत ऐकलाय, तो हळूच आपली करंगळी सोडवून घेऊ लागतो. रकाना एकाला घर देतो आणि दुसऱ्याचा मित्राच्या खांद्यावरचा हात काढून घेतो.

यात ‘सरळ’ माणसं सुटली असं समजू नका. त्यांना तर आपण पाळण्यापासून घडवतो. भातुकलीत बाहुला-बाहुलीचं लग्न लावतो, तीन वर्षांच्या पोराला ‘बायको कोण करणार रे तू?’ विचारून हसतो, पंचविशी उलटली की घोडनवरा म्हणतो आणि दोनाचे चार हात झाले की सगळं गाव सुटकेचा निःश्वास टाकतं. भिवंडीच्या आगरी पाड्यांत लग्नाचे धवले गाणारी धवलारीण असते. परंपरेने तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. हळदीच्या रात्री मामे-काके एकमेकांच्या गळ्यात गळे घालून पहाटेपर्यंत नाचतात. एवढा मांडव, एवढे डीजे, एवढा खर्च कशासाठी? जी गोष्ट आपोआप होते असं आपण म्हणतो, तिला इतकं ढकलावं का लागतं, हे कुतूहल मला हळदीच्या प्रत्येक मांडवात छळतं.

मराठीत हे कुतूहल छापून विचारण्याची जागा काही काळ होती. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढत. वाचक निनावी पत्रं पाठवत, कर्वे सडेतोड उत्तरं देत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, काहीही. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूने वकील उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांनी लैंगिक प्रश्न विचारायचेच नाहीत, तर ज्ञान पोहोचायचं कसं, हा त्यांचा मुद्दा. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पत्रं लिहिणारे कोण होते हे कुणाला कळलं नाही, पण ते जे काही होते त्याला तेव्हा मराठीत धड रकानाच नव्हता. होता फक्त गिरगावातला एक हट्टी संपादक.

इतका वेळ मी पुरुषांबद्दलच बोलतोय हे लक्षात आलं असेल. गल्लीच त्यांची आहे. भिवंडीतल्या बायका घरात कांड्या भरतात, दोरे कापतात, आणि त्यांच्यासाठी ना लौंडा नाच आहे, ना घराणं, ना कोथी-पंथीसारखं चोरून बोलायचं नाव. दोन मैत्रिणी एका गोधडीत झोपल्या तर आईला हायसं वाटतं, पोरगी पोरांत तरी नाही. ही बेफिकिरी लग्नाची तारीख ठरेपर्यंत पुरते. विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आणलं, रोहिणी हट्टंगडींनी त्यातली मुलीवर प्रेम करणारी मित्रा उभी केली. नाटकाला ती शेवटापर्यंत जगवता आली नाही. मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्रीसंगम’ नावाने अशा बायकांचा गट जमला, तोही महानगरात, ओळखीओळखीतून. एड्सच्या त्या फॉर्मवर, जिथे पुरुषांचे एवढे प्रकार छापले होते, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांना रकाना मिळाला नाही. त्यांच्यापासून साथ पसरण्याचा धोका नव्हता, म्हणून.